गराडा: फेरीवाला कोण आणि लटकू कोण

मार्च २०२५ मध्ये माथेरानच्या लोकांनी आपलंच गाव पर्यटकांसाठी बंद ठेवलं. ज्या गावाचं पोट पर्यटकावर, त्याच गावाने हॉटेलं आणि दुकानांची शटर खाली ओढली. पर्यटक गावात पाऊल ठेवण्याआधीच, दस्तुरी नाक्यावर, लुबाडला जातो ही तक्रार गावातच धुमसत होती. दस्तुरीच्या पुढे मोटारीला बंदी असल्यामुळे गाडी तिथेच लावावी लागते. तिथून चालत काही मिनिटांवर अमन लॉज स्टेशन आहे, मिनी ट्रेनची शटल मिळते, ई-रिक्षाही धावतात. पण गाडीतून उतरताक्षणी भोवती जमणारे काही घोडेवाले, हमाल आणि एजंट हे सांगत नाहीत. ट्रेन नाही, रिक्षा नाही, वाट लांबची आहे, असं भासवून ते वाटेल तो भाव ठरवतात, असं बंद पुकारणाऱ्यांचं म्हणणं होतं. प्रशासनाशी बोलणी झाल्यावर बंद मागे घेतला गेला.

घोडा हा माथेरानचा जुना धंदा आहे आणि हौसेने घोड्यावर बसणाऱ्याची त्याबद्दल तक्रार नसते. तक्रार होती ती खोट्या माहितीची. पर्यटकाच्या मागे लागणाऱ्या माणसांविषयी बोलताना हा फरक नेमका विसरला जातो. माळा विकणारी बाई, फुगे विकणारा मुलगा, लवकर दर्शन करून देतो म्हणणारा तरुण आणि चांगलं हॉटेल दाखवतो म्हणणारा रिक्षावाला यांना एकाच रांगेत बसवलं जातं. त्यांतले काही माल विकतात, काही नुसती माहिती विकतात आणि तीही खोटी. पहिल्यांचा वैताग येतो, पण धोका फारसा नसतो. दुसरे आर्जवाने बोलतात, मदतीला धावून येतात, आणि खरं नुकसान बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच होतं.

महाराष्ट्रातल्या तीर्थक्षेत्रांना हा दुसरा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे. शनिशिंगणापूरच्या वाटेवर त्यांना लटकू म्हणतात. बाहेरगावची गाडी दिसली की दुचाकीवरून पाठलाग सुरू होतो. खिडकीशी येऊन 'पुढे गाडी सोडत नाहीत, पार्किंग इकडे' असं सांगितलं जातं आणि गाडी एका ठरलेल्या दुकानापुढे आणून लावली जाते. पार्किंगचे पैसे नाहीत, फक्त पूजेचं ताट तिथूनच घ्यायचं. तेलाची बाटली, रुईच्या पानांची माळ, काळे उडीद, घोड्याची नाल असं एकेक ताटात पडत जातं. भाव कुणी सांगत नाही. भाविक हात जोडून उभा असतो, घरच्यांसमोर देवाच्या कामात पैशांची चौकशी करणं त्याला कसंतरी वाटतं, आणि बेरीज शेवटी कळते. शिर्डीत हेच काम करणाऱ्याला पॉलिशवाला म्हणतात. त्याचं हत्यार म्हणजे 'व्हीआयपी दर्शन'. वास्तविक सशुल्क दर्शनाचे पास साईबाबा संस्थानच्या काउंटरवर आणि ऑनलाइन मिळतात, प्रसादाचे लाडूही संस्थानच विकतं. मधल्या माणसाची गरज कुठेच नाही. आग्रा आणि राजस्थानात याच माणसाला लपका म्हणतात.

गाव कुठलंही असो, या माणसांच्या तोंडी फिरून फिरून तीनच वाक्यं येतात: 'बंद आहे', 'सक्तीचं आहे' आणि 'फुकट आहे'.

'बंद आहे' हे सर्वांत जुनं आणि सर्वांत कामाचं. नवी दिल्ली स्टेशनच्या पहाडगंज बाजूला परदेशी प्रवाशांना हे कित्येक वर्षं ऐकावं लागत आलं आहे. परदेशी पर्यटकांसाठीचं रेल्वेचं आरक्षण कार्यालय स्टेशनच्या इमारतीतच पहिल्या मजल्यावर आहे. पण पायऱ्यांपाशी कुणीतरी भेटतो, ते कार्यालय हललं, दुरुस्तीसाठी बंद झालं असं सांगतो आणि रस्त्यापलीकडच्या खासगी ट्रॅव्हल एजंटाकडे घेऊन जातो. दाराच्या पाटीवर 'सरकारी' वाटेल असं काहीतरी लिहिलेलं असतं. रेल्वेचं तिकीट काढायला निघालेला माणूस काश्मीरच्या हाउसबोटीचं पॅकेज घेऊन बाहेर पडतो. मराठी पर्यटक आता मोठ्या संख्येने जातात त्या बँकॉकमध्येही हाच प्रयोग ग्रँड पॅलेसच्या बाहेर चालतो. आज सण आहे, राजवाडा दुपारी उघडेल, तोवर टुकटुकने थोड्या पैशांत शहर दाखवतो, असं सांगणारा सुटाबुटातला माणूस भेटतो, आणि ती टुकटुक शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानापुढे थांबते.

हे खोटं पचतं, कारण ते कधी कधी खरंही असतं. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, घारापुरीची लेणी सोमवारी. ही माहिती आदल्या रात्री फोनवर पाहिलेल्या माणसापुढे 'बंद आहे' चालत नाही.

'सक्तीचं आहे' हे देवस्थानांत आणि स्मारकांत ऐकू येतं. गाइड घ्यावाच लागतो, चपला अमक्या दुकानातच ठेवाव्या लागतात, दानपेटीत इतके टाकावेच लागतात. ताजमहाल पाहायला गाइड सक्तीचा नाही. ज्याला हवा त्याने पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र गळ्यात असलेला गाइड बघून घ्यावा. वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावर प्रवाशाला गाठून गरिबांच्या चितेच्या लाकडांसाठी दान मागितलं जातं. किलोचा भाव सांगितला जातो, आणि मृत्यूच्या सावलीत उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही. दान ही स्वखुशीची गोष्ट आहे. जिथे आकडा समोरचा ठरवतो तिथे ती वसुली झाली.

'फुकट आहे' हे तिसरं वाक्य सर्वांत चतुर. पुष्करच्या सरोवरावर कुणीतरी हातात फूल देतो, घाटावर नेऊन घरातल्या माणसांची नावं विचारतो, त्यांच्या सुखासाठी मंत्र म्हणतो आणि मनगटाला लाल धागा बांधतो. दक्षिणेचा आकडा त्यानंतर येतो. पॅरिसमध्ये माँमार्त्रच्या टेकडीवर, साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांशी, रंगीत दोऱ्याचं कडं बोटाभोवती विणायला घेतलं जातं आणि गाठ बसल्यावर युरो मागितले जातात. युरोपच्या सहलीवरून आलेल्या अनेक मराठी कुटुंबांना हा दोरा ठाऊक आहे. वाराणसीत हात मिळवायला पुढे केला की तळव्याची मालिश सुरू होते. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली मन वळवण्याच्या तंत्रांवर लिहिलेल्या पुस्तकात विमानतळावर आधी फूल हातात देऊन मग देणगी मागणाऱ्यांचं उदाहरण घेतलं होतं. काही मिळालं की परतफेड केली पाहिजे ही भावना माणसात इतकी खोल रुजलेली असते, की न मागितलेल्या वस्तूसाठीही त्याचा हात खिशाकडे जातो. म्हणून यावरचा उपाय गाठ बसण्याआधीचाच आहे. हात मागे घ्यायचा, वस्तू हातात घ्यायचीच नाही. घेतली गेलीच तर जवळच्या कठड्यावर ठेवून पुढे निघायचं.

या तिन्ही वाक्यांच्या मागे एकच यंत्रणा आहे, कमिशनची. आग्रा आणि जयपूरमध्ये रिक्षावाला कमी भाड्यात दिवसभर फिरवायला तयार होतो, कारण त्याची खरी कमाई एम्पोरियमच्या दारात होते. गिऱ्हाइकाने खरेदी केली की त्याला वाटा मिळतो. काही दुकानं नुसतं गिऱ्हाईक आत आणलं तरी काहीतरी देतात. हा वाटा शेवटी वस्तूच्या किमतीतच चढतो. आग्र्याला मकराण्याचा संगमरवर म्हणून विकलं जाणारं पच्चीकारीचं काम पुष्कळदा साध्या शंखजिऱ्याचं असतं. शंखजिऱ्यावर नखाचा ओरखडा उठतो, संगमरवरावर उठत नाही. एवढी साधी परीक्षाही बहुतेकांकडून होत नाही, कारण ओळखीच्या झालेल्या ड्रायव्हरनेच दुकान दाखवलेलं असतं.

ही साखळी कुठवर जाते ते जयपूरने दाखवलं आहे. तिथली आणि आग्र्याची रत्नांची फसवणूक परदेशी सरकारांच्या प्रवास-सूचनांमध्ये नमूद आहे. रस्त्यात ओळख झालेला तरुण चहाला बोलावतो, घरी जेवू घालतो आणि दोन दिवसांनी प्रस्ताव मांडतो: ही रत्नं तुमच्या नावाने बाहेर न्या, आमचा तिकडचा व्यापारी चढ्या भावाने घेईल, तोवर तारण म्हणून क्रेडिट कार्डावर रक्कम ठेवा. तिकडचा व्यापारी अस्तित्वातच नसतो. २०२४ मध्ये एका अमेरिकी महिलेने जयपूर पोलिसांकडे तक्रार केली. सुमारे ३०० रुपयांचे नकली दागिने आपल्याला ६ कोटींना विकले गेले, असं तिचं म्हणणं होतं. अमेरिकेतल्या प्रदर्शनात दागिने तपासले गेले तेव्हा तिला ते कळलं. फुटपाथवर बसणारा कुठलाही विक्रेता कुणाला एवढ्याला बुडवू शकत नाही. त्यासाठी दुकान लागतं, ओळख लागते, विश्वास लागतो.

मुंबईत कुलाब्याच्या फुटपाथवर हाच विश्वास करुणेच्या रूपाने मागितला जातो. कडेवर मूल घेतलेली बाई पर्यटकाला म्हणते, पैसे नकोत, बाळासाठी दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन द्या. डबा ती सांगते त्याच दुकानातून, चढ्या भावाने घेतला जातो, पर्यटक वळला की दुकानात परत जातो आणि पैसे वाटून घेतले जातात. पैसे न मागणारा माणूस प्रामाणिक वाटतो, म्हणूनच ही युक्ती इतकी वर्षं टिकली आहे. मदत करायचीच असेल तर मुलाच्या हातात खाऊ द्यावा. मूल धोक्यात दिसलं तर १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक फिरवावा.

आता ज्यांच्यामुळे पर्यटक सर्वांत जास्त वैतागतो त्या खऱ्या विक्रेत्यांकडे वळू. गोव्यात बागा, कळंगुट, हणजूणच्या किनाऱ्यांवर मणी, आरसेकाम, सारोंग विकणाऱ्या लमाणी बायका बहुतेक उत्तर कर्नाटकातून आलेल्या असतात. अशी एखादी बाई पर्यटकाच्या खाटेपाशी वाळूत उकिडवी बसते, डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून गाठ सोडते आणि मण्यांचा एक सर काढून मनगटावर नुसता धरते. घेऊ नका, फक्त बघा. ती नाव विचारते, आपलं सांगते, मुलं किती ते विचारते. गिऱ्हाईक संकोचाने म्हणतं, 'नंतर बघू.' त्यावर ती बोट पुढे करून उद्याचं वचन घेते. दुसऱ्या दिवशी ती त्याच खाटेपाशी येते, कालचं नाव तिच्या लक्षात असतं आणि नकार मिळाला तर तिच्या डोळ्यांत खरीच निराशा असते. पर्यटकाला हा छळ वाटतो. तिच्या दृष्टीने मात्र ते ठरलेलं गिऱ्हाईक होतं. मराठी माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, म्हणून तो 'बघू' म्हणतो, आणि इथे 'बघू'चा अर्थ होकार असा घेतला जातो.

तिच्या चिकाटीचं कारण तिच्या स्वभावात शोधू नये. तिला दुकान नाही, छप्पर नाही, हंगाम थोड्या महिन्यांचा आहे आणि पाऊस लागला की किनारा ओस पडतो. विनापरवाना विक्री बेकायदा असल्याने पोलीस दिसला की गाठोडं उचलून धावावं लागतं. माल जप्त झाला तर भांडवलच जातं. ज्याला उद्या याच जागी उभं राहता येईल याची खात्री नाही, तो आजच्या गिऱ्हाइकाला सोडत नाही.

याची उलट बाजू घारापुरीला दिसते. गेटवेहून लाँचने गेल्यावर धक्क्यापासून लेण्यांकडे चढणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना बेटावरच्याच गावकऱ्यांचे ठेले आहेत. ताडपत्रीखाली माळा, मूर्ती, टोप्या मांडलेल्या असतात. विक्रेते हाका मारतात, भाव कमी करतात, पण ठेला सोडून कुणाच्या मागे धावत नाहीत. जागा आपली आहे, उतरताना पर्यटक इथूनच जाणार आहेत, हे त्यांना ठाऊक असतं. जागेची शाश्वती आली की गळेपडूपणा आपोआप कमी होतो.

ही शाश्वती देण्यासाठी देशात कायदा आहे. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर विक्री करणं हा वाजवी बंधनांच्या चौकटीतला व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला. पुढे २०१४ साली पथविक्रेता कायदा आला. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण, पात्र विक्रेत्याला प्रमाणपत्र, फेरीवाला क्षेत्रांची आखणी आणि किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेली पथविक्रेता समिती, अशी त्याची रचना आहे. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले, त्यांतले ३२ हजारांच्या आसपास पात्र ठरले, आणि समितीच्या निवडणुकीचं मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. दहा वर्षं ज्याचा हक्क कागदावर अडकला, त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करणं अवघड आहे.

दुसरीकडे दंडाचे कायदे भराभर येतात. राजस्थानने लपक्यांविरुद्ध २०१० मध्ये कायदा केला आणि २०२१ मध्ये दुरुस्ती करून हा गुन्हा दखलपात्र ठरवला, म्हणजे पोलिसांना थेट कारवाई करता येते. इजिप्तने २०१८ मध्ये पुरातन स्थळी पर्यटकांना सतावणाऱ्यांवर १० हजार पौंडांपर्यंत दंड लावला. गोव्याने आपल्या २००१ च्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती केली. आता उपद्रवासाठी ५ हजारांपासून १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मात्र उपद्रवाच्या व्याख्येत दलाली, भीक मागणं, विनापरवाना फेरी, उघड्यावर स्वयंपाक असं सगळं एकत्र आलं आहे. मण्यांचे सर विकणारी बाई आणि कमिशनसाठी पर्यटकाला भुलवणारा दलाल एकाच कलमाखाली आले की कारवाई कुणावर जास्त होईल हे सांगायला नको. तिचं गाठोडं लांबून दिसतं, त्याच्या हातात काहीच नसतं.

दंडापेक्षा साधे उपाय जास्त परिणामकारक ठरतात. स्टेशन-विमानतळावरचा प्रीपेड टॅक्सीचा काउंटर, घाटावर ठळक दरफलक, एकाच खिडकीवरून बोटीचं तिकीट. दर आधी कळला आणि पावती हातात पडली की दलालाला विकायला काही उरत नाही.

पर्यटकाने काय करावं याची यादी लांबलचक नाही. विक्रेत्याला थांबून, एकदाच, हसून 'नको' म्हणावं आणि चालत राहावं. 'नंतर', 'परत येताना', 'किती कमी कराल' हे शब्द घ्यायचं असेल तरच उच्चारावेत. भाव विचारून, घासाघीस करून, तो मान्य झाल्यावर पाठ फिरवणं हे बाजाराच्या रीतीत बसत नाही, आणि वाद बहुधा तिथूनच सुरू होतात. घ्यायचं असेल तर आपल्याला वस्तू केवढ्याची वाटते ते आधी मनाशी ठरवावं, कारण समोरून आलेला पहिला आकडा कितीही फुगवलेला असला तरी पुढची सगळी घासाघीस त्याच्याभोवती फिरते. सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेवावेत, गर्दीत पाकीट उघडू नये. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर दुकानाचं नाव वाचूनच पिन टाकावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. परदेशात एक गोष्ट अधिक: इटलीत नकली ब्रँडची पर्स फुटपाथवर विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही दंड होतो आणि तो हजारो युरोंपर्यंत जाऊ शकतो.

मागे लागणं कुठे संपतं आणि गुन्हा कुठे सुरू होतो, हेही ठाऊक हवं. अंगाला हात लावणं, वाट अडवणं, गाडीत कोंबणं, चार जणांनी घेरणं हा धंद्याचा भाग नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत खारला रस्त्यावरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या दक्षिण कोरियन तरुणीला दोघांनी त्रास दिला. चित्रफीत पसरली आणि पोलिसांनी दोघांना अटक केली. एकट्या बाईने अशा वेळी सभ्यपणाची काळजी न करता मोठ्याने ओरडावं, जवळच्या दुकानात किंवा कुटुंबांच्या घोळक्यात शिरावं. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही मदतवाहिनी चोवीस तास, हिंदी-इंग्रजीसह बारा भाषांत चालते. ऑनलाइन पैसे गेले तर १९३० वर जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. अनोळखी माणसाने सुचवलेल्या दुसऱ्या जागी जायचं नाही, हा एक नियम पाळला तरी वरच्या बहुतेक फसवणुकी टळतात. त्यांतल्या जवळपास प्रत्येक गोष्टीत पर्यटकाला त्याच्या वाटेवरून हलवून कुठेतरी नेलेलं आहे.

महाराष्ट्रातल्या देवस्थानांनी आणि नगरपालिकांनी दोन कामं हाती घेतली तर पुष्कळ फरक पडेल. गाडी थांबते त्या पहिल्याच जागी, देवळाच्या आवारात पोचण्याआधी, पार्किंग, दर्शन, पूजासाहित्य आणि वाहनांचे अधिकृत दर मोठ्या मराठी-हिंदी फलकावर लावावेत. दुसरं म्हणजे, पात्र विक्रेत्यांना क्रमांक आणि ठरलेली जागा द्यावी. वाचकांनीही आपला राग योग्य माणसावर काढावा. वाळूत बसलेल्या बाईवर खेकसू नये, आवडलं तर तिच्याकडून चार वस्तू घ्याव्यात. ज्याने खोटं सांगून दुकानात नेलं त्याची मात्र दुकानाच्या नावासह, गाडीच्या क्रमांकासह लेखी तक्रार करावी. परतीच्या घाईत बहुतेक जण ती करत नाहीत, आणि तक्रारच नसेल तर पोलिसांना आणि देवस्थानाला कारवाई करायला काही आधार उरत नाही.